सरकारला ग्रहण नसतं

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी आहे. तो गैरसमज मी आहे तोवर दूर झालेला बरा, म्हणून हे लिहिते.

तेव्हा मी विशीतली होते. मॅट्रिक झालेली, मनगटावर घड्याळ, आणि अंगात सरकारी नोकरी मुरलेली. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी औरंगाबादेत लोक आमच्या ऑफिसला दफ्तरच म्हणायचे. मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची आणि त्यांच्या हाताला काम लावायचं, हे आमच्या खात्याचं काम. मला छावणी भागातला बायकांचा शिवणवर्ग दिला होता. आधी बाराखडी, मग कात्री. माझ्या कडक इस्त्रीच्या साडीला बायका दबून आहेत असं मला वाटायचं. साडी जवळून बघता यावी म्हणून त्या पुढं बसत, हे फार उशिरा कळलं.

आमचे साहेब निजामाच्या अमलापासून नोकरीत होते. आवाज बारीक. ते कधी रागवायचे नाहीत. समोरचा बोलत असला की टेबलावरची टाचणी उचलायचे आणि तिच्या टोकाकडं बघत राहायचे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

एका बैठकीत लोकांच्या खुळ्या समजुतींचा विषय निघाला. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी उठले.

"माझ्या वर्गात असलं काही उरलेलं नाही, साहेब. मी बायकांना सांगून ठेवलंय, सरकारला ग्रहण नसतं."

हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

साहेबांनी टाचणी खाली ठेवली. "अच्छा. येत्या अमावास्येला सूर्यग्रहण आहे. तुमच्या वर्गाची परीक्षा त्याच दिवशी घेऊ. मी स्वतः येतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी कात्री चालली नाही, तर तो वर्ग चालवून काय फायदा, बाई?"

माझं कौतुक झालं असं समजून मी घरापर्यंत हसत गेले. अशी ही तुमची आजी.

दुसऱ्या दिवशी वर्गात परीक्षेचा दिवस सांगितला आणि एकेक मशीन थांबत गेलं. सगळ्यांच्या नजरा एकीकडं वळल्या. ती एका धनगराची सून, वर्गातला सगळ्यांत चांगला हात. हर्सूलकडून पायी यायची. मेंढरं रोगानं गेली होती, नवरा दुसऱ्याचा कळप घेऊन लांब रानात होता, आणि घरी सासू-सून खडी फोडायच्या. छावणीतल्या एका शिंप्यानं तिला शब्द दिला होता, परीक्षा पास झालीस तर गणवेश शिवायचं काम घरी देतो. तिचा हातोडा सुटणार होता. आणि तिला सातवा महिना होता.

पोटुशीनं ग्रहणात काही कापलं-शिवलं तर पोराचा ओठ नाहीतर कान फाटका येतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. परीक्षेत तर झंपर बेतून, कापून, शिवून दाखवायचा होता.

तिची सासू दुपारी वर्गाच्या दारात येऊन बसली. "दिवस बदला, बाई."

"माझ्या हातात नाही, मावशी. आणि काही होत नसतं. ती चंद्राची सावली असते नुसती."

"सावली तर सावली. पोर फाटक्या व्हटाचं झालं, तर तुमी शिवणार का?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

त्याच आठवड्यात माझी पाळी चुकली.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. चंद्राची सावली कशी पडते ते मला फळ्यावर काढून दाखवता येत होतं, पण आता रात्री ती आकृती आठवली की मी उठून दिवा लावायचे. शेवटी मी दफ्तरात गेले. "साहेब, बायका घाबरल्यात. दिवस बदलला तर बरं."

साहेबांनी टाचणी उचलली. "बायका घाबरल्यात की तुम्ही?"

मी परत आले.

ग्रहणाच्या सकाळी मी घड्याळाच्या पट्ट्याखाली तुळशीचं पान सरकवलं. वर विज्ञान, खाली पान. छावणीच्या बाजारात अर्ध्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. वर्गात मात्र सगळ्या बायका आल्या होत्या. वर्ग बंद झाला तर पुन्हा उघडणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. धनगराची सून कोपऱ्यात, आणि तिची सासू उंबऱ्याजवळ, पाण्याचा तांब्या पुढ्यात घेऊन.

ग्रहण लागलं. ऊन राख कालवल्यासारखं झालं. बाहेरच्या लिंबावरचे कावळे गप्प झाले. छपराच्या पत्र्याला भोकं होती. त्यातून रोज उन्हाचे गोल कवडसे पडत. त्या दिवशी बायकांच्या पुढ्यातल्या पांढऱ्या कापडावर ते कोयत्यासारखे वाकडे पडले. सगळे एकाच बाजूला वाकलेले. एकीनं कापड ओढून घेतलं, तर कोयता तिच्या हातावर आला.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

कुणी हलेना.

"बाई, मग तुम्हीच पहिली कात्री चालवा. सरकारला ग्रहण नसतं ना?"

मी कात्री उचलली. कापडात घातली. बोटं मिटेनात. कात्री तशीच आ वासून राहिली, आणि माझा दुसरा हात केव्हा पोटावर गेला ते मला कळलंच नाही. उंबऱ्यावरच्या म्हातारीला मात्र कळलं.

"अगं बया," ती हळूच म्हणाली. "बाईलाबी दिस हायेत."

साहेब टाचणी शोधत असावेत, पण टेबल दफ्तरात होतं.

धनगराची सून उठली. जड अंगानं माझ्यापाशी आली आणि माझ्या बोटांतून कात्री सोडवून घेतली. "तुमी बसा, बाई."

"नगं, पोरी," सासू म्हणाली.

"आत्याबाई, मला लई खडी झाली." एवढंच बोलून ती खाली बसली आणि कापायला लागली. त्या शांततेत कापड कापल्याचा आवाज केवढा मोठा होता. म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग एकेक करून बाकीच्या कात्र्याही चालू लागल्या.

झंपर उत्तम झाला. साहेबांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि ती पास असल्याचं सांगितलं. शिपाई चहा घेऊन आला, तर ग्लासाकडं न बघता म्हणाले, "आत्ता नको. सुटू दे आधी."

वर्ग वाचला, तिला शिंप्याचं काम मिळालं. मला मात्र झोप येईना. ती बाळंत झाल्याचं कळलं तेव्हा जायचा धीर व्हायला मला बरेच दिवस लागले. शेवटी हर्सूलला गेले. म्हातारी दारातच नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तोंडावर फडकं टाकून. आत मशीन चालू होतं. मी समोर बसले. म्हातारी फडकं काढेना. माझ्याकडं बघत राहिली, मुद्दाम. मग एका बोटानं फडकं वर केलं.

पोर धडधाकट होतं. ओठ, कान, सगळं. तोंड उघडून त्यानं जांभई दिली.

मी रडले. म्हातारीनं रडू दिलं, आणि मग माझ्या पोटाकडं बघितलं. "तुमचं कवा?"

"दिवाळीच्या आसपास. पण मी तर कात्री चालवलीच नाही, मावशी."

"धरली तर हुती की," म्हातारी म्हणाली, आणि फडकं पुन्हा खाली सोडलं.

माझ्या थोरल्या लेकीच्या डाव्या कानाच्या पाळीला जन्मापासून एक बारीक चीर आहे. ती त्यात बाळी छान बसवते. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी, कारण काही नसतं. मीही लेकीला हेच सांगत आले. फक्त सुनांना दिवस असताना ग्रहण आलं, की आमच्या घरातल्या कात्र्या कुठं जातात ते आजवर कुणाला सापडलेलं नाही.