गिरजाबाईंनी बांधलेले गुडघे

गिरजाबाईंच्या घरी कामाला येणाऱ्या माणसाचे आधी गुडघे बांधले जात. प्रत्येक पायाला मागून बांबूच्या दोन कमट्या, वरून जुन्या धोतराची चिंधी, आणि गाठ अशी की पाय दुमडायची सोयच राहू नये. मग त्या खाटेवर बसून हुकूम सोडत, "आता चाल. चुलीपर्यंत जा, तेथून न्हाणीत जा, अन् वापस ये. मंग कामाचं बोलू."

मी पंचाहत्तर साली सानगडीच्या शाळेत शिक्षक म्हणून आलो आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. सत्तरीच्या विधवा बाई, उंच, काटक, आणि जिभेला धार. गुडघे मात्र गेलेले. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माहे गुडघे संपावर गेले, गुर्जी. मागन्या काय हायेत, ते बी सांगत नाहीत."

घर चांगलं होतं, पण गुडघेवाल्यांसाठी बांधलेलं होतं. पूर्वी तलाव भरला की गल्लीत पाणी शिरे, म्हणून त्यांच्या यजमानांनी जोतं उंच घेतलं होतं. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, चढायला पाच पायऱ्या. दारादाराला वीतभर उंच उंबरठा. चूल जमिनीला टेकलेली, आणि न्हाणी मागच्या अंगणात आणखी दोन पायऱ्या खाली. गिरजाबाई म्हणत, "मालकानं पान्याले अडवाले घर बांधलं. पानी तं आता येत नाही, मीच अडकून रायली."

त्यात पोळ्याला त्यांचा मुलगा मनोहर आला. तो नागपूरला एका कापडगिरणीत होता. दिवाळीनंतर आईला कायमची घेऊन जायची आणि घराला कुलूप लावायचं, असं सांगून तो गेला. मुलगा गुणी होता, त्याचा हेतूही चांगला होता. म्हणूनच बाई जास्त घाबरल्या होत्या. वाईट मुलाशी भांडता तरी येतं. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे दोन महिने होते.

गावात भिंतीपासून लाकडापर्यंत सगळं काम नत्थू मिस्त्री करी. त्याला बोलावलं आणि रिवाजाप्रमाणे बांधलं. तो पहिल्याच उंबरठ्यावर दाराची चौकट कवटाळून उभा राहिला.

"माय, सोड ना वं."

"काहून? अजून न्हाणी बाकी हाये."

न्हाणीतून परत आल्यावर त्याला फारसं काही सांगावं लागलं नाही. पायऱ्यांच्या जागी त्याने दगड-मुरुमाचा लांब उतार केला, पाय घसरू नये म्हणून त्यावर थोड्या-थोड्या अंतराने बोटभर उंच आडवे काठ ठेवले, आणि बाजूला सागाचा कठडा लावला. न्हाणीकडेही तसंच. चूल कमरेइतक्या ओट्यावर चढली आणि तिच्यापुढे एक उंच स्टूल आलं. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. चूल अशी हवेत ठेवतात का, असं एकीने विचारलं. "तू वाकून फुंक," गिरजाबाई म्हणाल्या, "मी बसून फुंकतो."

उंबरठ्यापाशी मात्र नत्थूने करवत खाली ठेवली. उंबरठा कापला तर लक्ष्मी निघून जाईल, हे पाप आपण करणार नाही, म्हणाला.

"नत्थू, लक्ष्मीचं वय काय असन?"

"मले काय मालूम, माय?"

"माह्यापेक्षा मोठी हाये का नाही? मंग तिले बी पाय उचलनं होत नसन. बिचारी किती वर्सांपासून बाहेरच अडखळून रायली असन, अन् तू म्हन्तं ते निघून जाईन. अरे, आत तं येऊ दे तिले आधी."

नत्थू बराच वेळ विचार करत बसला. मग त्याने उंबरठ्याला हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि करवत उचलली. कापलेल्या जागी बाईंनी जमिनीवर कुंकवाची रेघ ओढली. पुढे दोन-तीन दिवस तो लक्ष्मीची चौकशी करायला येत होता.

खरी फजिती उताराने केली. नत्थूने जन्मभर उतार बांधले होते ते गोठ्याचे, त्यामुळे हाही अगदी गोठ्याच्या मापाचा झाला. दुसऱ्याच दिवशी शेजारची म्हैस रानातून आली, उतार बघितला, आणि आपलंच घर समजून शांतपणे वर चढली. मी खोलीत वह्या तपासत होतो. दारात तोंड घालून ती उभी राहिली आणि अर्धा तास मला काही बाहेर पडता आलं नाही. गिरजाबाई पलीकडून डोळे पुसत हसत होत्या. "हाकलू नका, गुर्जी. तिले जमलं, म्हंजे मले बी जमन." मग खाली एक फाटक लागलं.

दिवाळीला मनोहर आला. घरभर फिरला, वाकून काठ पाहिले, कठडा हलवून पाहिला. म्हणाला, "घर चांगलं केलं, माय. तरी तू चाल." मला वाटलं, आता वाजणार. पण बाई म्हणाल्या, "चाल. गुर्जी बी येतीन, त्यायचं नागपूरले काम हाये." माझं नागपूरला काहीही काम नव्हतं. पिशवीत त्यांनी कमट्या भरल्या, तेव्हा मला उलगडा झाला.

मनोहरचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या पायरीवर बसून बाईंनी चिंध्या काढल्या. "इकडे पाय कर." चाळीस वर्षांचा माणूस, वरून शेजारी बघतायत, पण त्याने पाय पुढे केले. कठड्याला धरून तो आडवा-आडवा चढू लागला. पहिल्या वळणावर घामाने भिजून थांबला. कठड्यावरून खाली आईकडे वाकला. मग म्हणाला, "माय, मी तुले उचलून नेईन."

"रोज?"

"रोज."

"अन् तू गिरनीत गेल्यावर?"

तो तसाच आडवा-आडवा खाली उतरून आला. बाईंनी त्याच्या पायांच्या गाठी सोडल्या. सुनेने चहा खाली आणून दिला, तो आम्ही पायरीवरच प्यायलो आणि दुपारच्या गाडीने परत निघालो.

गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. थट्टा कुठेच नव्हती. "मले लय भेव वाटत होतं, गुर्जी. तेथं सारे चांगले हायेत. चांगल्या मानसायनं मले काईच करू देल्लं नसतं." त्या क्षणी ही बाई मला किती आवडते, ते मला कळलं.

त्यानंतर त्या नऊ वर्षं त्याच घरात राहिल्या. माझी बदली झाली होती, पण निरोप मिळताच मी गेलो. सकाळी त्यांनी आपला चहा आपण केला होता, प्यायला होता, आणि खाटेवर जरा टेकल्या त्या टेकल्याच. मनोहर दुपारी पोचला. तिरडी बाहेर तयार होती. बाईंना उचलायला चौघे पुढे झाले, तर त्याने त्यांना हाताने बाजूला केलं. एकट्यानेच आईला दोन्ही हातांवर घेतलं आणि उतारावरून बाहेर आणलं.

"गुर्जी," तो म्हणाला, "आज पयल्यांदा उचलू देल्लं मायनं."