भालेराव सरांनी समजावणं सोडलं

जयवंत भालेराव अवसरी बुद्रुकचे. तळेघरच्या पुढे डोंगरात एक माध्यमिक शाळा होती, तिथं ते १९८४ साली गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचं, खोली करून राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असा त्यांचा क्रम.

माणूस बोलायला फार गोड. त्यांच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आणलं ते वडिलांनी. ते संध्याकाळी मोठ्यानं वाचत आणि सगळी आळी ऐकायला बसे. ती लकब मुलात उतरली होती. भालेराव सर प्रमेय शिकवायला लागले की शेजारच्या वर्गावरचे गुरुजी खिडकीशी येऊन उभे राहत. फळा रंगीत खडूंनी भरून जाई. पोरं टक लावून बघत. तास संपला की सरांच्या अंगात हलकं काही भरल्यासारखं व्हायचं आणि त्याच तंद्रीत ते खोलीवर जाऊन भात टाकायचे. दहावीला गणितात पाच-सहाच पोरं पास होत. पण डोंगरातली पोरं, भाताच्या कामात अर्धी शाळा बुडते, हे सगळेच म्हणत. सरही म्हणत.

१९९७ च्या दिवाळीच्या सुट्टीत ते चष्मा करायला नारायणगावला गेले होते. परतीच्या जीपमध्ये पुढं बसले, तर चालवणारा संपत निघाला, त्यांचा सात वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. त्यानं आधी खाली उतरून पाया पडून घेतलं आणि चहा पाजल्याशिवाय गाडी हलवली नाही. टोमॅटोच्या गाड्यांतून वाट काढता काढता तो जुन्या आठवणी सांगत होता.

"सर, तुमी लई भारी शिकवायचे," तो म्हणाला. "नुसतं ऐकत ऱ्हावं वाटायचं. कळायचं मात्र काय न्हाई बगा. कुणालाच न्हाई. पण तुमी इतकं मन लावून सांगायचे, तर इचारायचं कसं?"

तो हसत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. सरही हसले. मंचरला उतरल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मुलाबाळांची चौकशी केली आणि घरी आले. त्या दिवशी त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई आमटीत मीठ घालायला विसरल्या होत्या. सरांनी ती तशीच खाल्ली. बाईंनी स्वतः घास घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

सुट्टी संपली. नववीचा वर्ग, चौकोनाचं क्षेत्रफळ. सर फळ्याजवळ गेले, खडू हातात घेतला आणि उभे राहिले. शब्द सगळे पाठ होते. विनोद कुठं करायचा, कुठं थांबायचं, हेही ठाऊक होतं. पण तोंड उघडेना. दुःख झालं असतं तर बरं, तसंही काही वाटत नव्हतं. बाहेर जमिनीवर ऊन पडावं तसं ते सगळं समोर होतं, आणि आपलं नव्हतं.

"पुस्तक काढा," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

पहिला दिवस पोरं चिडीचूप बसली. दुसऱ्या दिवशी इतका गोंधळ झाला की मुख्याध्यापक चांगदेव घोलप दारात आले. तब्येत बरी नसेल तर रजा टाका, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. सर म्हणाले, तब्येत ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी भागू उभी राहिली. कुशाबांची ही मुलगी वर्गात कधी बोलत नसे. सर मागं होते म्हणून तिला मागं वळून बोलावं लागलं.

"सर, पुस्तकातल्या शेताला चार बाजू हायेत. आमच्या खाचराला बाजूच न्हाईत. वालाच्या शेंगंवानी वाकडं हाय. त्याचं कसं काढायचं?"

दोन महिन्यांपूर्वी या प्रश्नावर सरांनी सगळा तास रंगवला असता. आता ते म्हणाले, "मला माहीत नाही."

हे खरं नव्हतं. पण पोरांना ते खरं वाटलं, आणि वर्गात काहीतरी हललं. सरांनाच येत नाही म्हटल्यावर मग ते काढायलाच हवं, असं दोघातिघांना वाटलं. भागूचं खाचर शाळेच्या कुंपणाला लागून होतं, भात काढून मोकळं झालेलं. पोरं सुतळी घेऊन निघाली. सर मागोमाग गेले आणि बांधावर बसले.

तीन टोळ्या झाल्या, तीन उत्तरं आली. मग भांडण जुंपलं. कुणी म्हणालं सुतळी ढिली धरली, कुणी म्हणालं शेंगेचं टोक सोडलंच. भागूनं काठीनं मातीत रेघा ओढल्या आणि खाचराचे त्रिकोण पाडले. उरलेला वाकडा तुकडा आणखी बारीक त्रिकोणांत मोडला. दुसऱ्या टोळीनं ते बघून आपलं पुसलं.

कुशाबा वैरण घेऊन चालले होते. ते बांधापाशी थांबले.

"सर, आज शाळा न्हाई का?"

"आहे," सर म्हणाले.

तेव्हापासून तसंच चालत राहिलं. पोरं अडली की सरांकडं बघत. सर म्हणत, आधी शेजारच्याला विचारा. पोरं एकमेकांना आपल्या बोलीत सांगत, चुकत, पुन्हा सांगत. सर बाकावरून ऐकत. सात वर्षांपूर्वी संपतच्या वर्गाला काय कळलं नसेल, ते त्यांना आता एकेका चुकीत दिसायचं. १९९९ च्या मार्चमध्ये या वर्गातली बावीसपैकी चौदा पोरं गणितात पास झाली. भागूला सत्त्याऐंशी गुण पडले. घोलपांनी पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला.

वैजयंतीबाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही आता घरीपण बोलत नाही."

"बोलण्यासारखं काही नसतं," सर म्हणाले.

"पोरं तर पास व्हायला लागली ना?"

"हो. पोरं शिकतात."

सरांच्या आई, फुलाबाई, तिथंच गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर करून मुलाकडं बघितलं आणि पुन्हा सुपात हात घातला.

२००६ साली एक विस्तार अधिकारी बाई शाळा तपासायला आल्या. दोन तास त्या सरांच्या शेजारी मागच्या बाकावर बसून लिहीत होत्या. याला ज्ञानरचनावाद म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. नवीन अभ्यासक्रमात हेच येणार आहे आणि तुम्ही ते नऊ वर्षं आधी सुरू केलंत. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. सरांनी त्यांना चहा सांगितला.

घोडेगावच्या प्रशिक्षणात चाळीस शिक्षकांपुढं सरांना उभं केलं. ही पद्धत तुम्हाला कशी सुचली, तेवढं सांगा, असं बाईंनी सुचवलं.

"मी बोलायचा थांबलो," सर म्हणाले. "एवढंच."

लोक हसले. माणूस किती साधा, असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी शाल दिली.

पुढच्याच आठवड्यात दहावीत एक मुलगी वर्तुळावरच्या प्रमेयात अडकली. सगळा वर्ग अडकला होता. ती म्हणाली, सर, आज तुम्हीच सांगा. सर उठले. कितीतरी वर्षांनी फळ्यापुढं उभे राहिले आणि सांगू लागले. आवाज तोच होता, थांबण्याच्या जागा त्याच होत्या. खिडकीशी कुणी आलं नाही. मधेच ती मुलगी संकोचून म्हणाली,

"सर, पुढचं आमी करून बघू का?"

सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि हात पँटला पुसले. चार जण तिच्याभोवती जमले आणि आकृती पुसून नव्यानं काढू लागले. सर बाकावर जाऊन बसले. पोरांचं चुकत होतं. थोड्या वेळानं ते त्यांचं त्यांनाच कळलं.