दोरा बांधलेली पेटी

बातमी आली तेव्हा मी पत्रकाची स्टेन्सिल कापत बसलो होतो. इंदूताईंच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या, चपला न काढता, आणि म्हणाल्या, "ताई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" म्हणालो, आणि हातातलं वाक्य पुरं केलं. 'बाग आमची आहे, मंगल कार्यालय तुमच्या दारात बांधा' असं ते, माझ्या प्रत्येक पत्रकात असणारं वाक्य होतं. आता जलदानविधीही होऊन गेला. लोक रडले, मी सतरंज्या उचलल्या. अजून काही वाटत नाही... वाटेल तेव्हा वाटेल.

इंदूताई नाशिकमधल्या एका दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होत्या. आमच्या कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. लग्न केलं नाही, भाऊ-वहिनींजवळ राहिल्या. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून दिंडोरीकडची द्राक्षं ज्या फळकुटांच्या पेट्यांतून येतात तसल्या रिकाम्या पेट्या बाजारातून मागून आणल्या, त्या कापून, ठोकून, पुढे गोल भोक पाडून चिमण्यांची घरं केली आणि बागेतल्या कडुनिंबांना टांगली. बाग कसली, कॉलनीच्या मधला मोकळा प्लॉट. एक घसरगुंडी, एक बाक आणि कुंपणाच्या नावाने तारेचे दोन तुकडे. एखाद्या पेटीत चिमणीने काड्या न्यायला सुरुवात केली की ताई त्या पेटीच्या कडीला लाल दोरा बांधायच्या. दोरा म्हणजे आत बाळंतीण आहे, कोणी हात लावायचा नाही. पिल्लं उडाली असं वाटलं की स्टुलावर चढायच्या आणि दवाखान्यातलं आपलं जुनं लाकडी नरसाळं, बाईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकतात ते, पेटीला लावून ऐकत राहायच्या. आत सामसूम असेल तर स्वतः दोरा सोडायच्या. दुसऱ्या कोणी सोडायचा नाही.

दिवाळीच्या सुटीत खजिन्याचा खेळ असायचा. चिठ्ठ्या पेट्यांतच दडवलेल्या. जुनं घरटं काढा, ब्रशने पेटी झाडा, तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला घाला, मग पुढची चिठ्ठी वाचा. खजिना म्हणजे घसरगुंडीखाली पुरलेला चिवड्याचा डबा. हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी पोरं सगळ्या पेट्या साफ केल्याशिवाय तिकडे फिरकायची नाहीत. मी लहानपणी म्हणायचो, हा खेळ नाही, ही फुकटची मजुरी आहे. ताई हसून म्हणायच्या, "पुढारी, आधी पेटी झाड."

पुढारी हे नाव तेव्हाच पडलं आणि नंतर मी ते खरंही केलं. बाग एका मंगल कार्यालयाला द्यायचं पालिकेत घाटतंय हे कळल्यावर मी पत्रकं काढली, सह्या गोळा केल्या, कचेरीत जाऊन आवाज चढवला. उरलेली पत्रकं ताई मागून न्यायच्या, त्यांच्या पट्ट्या फाडायच्या आणि चिमण्यांसाठी बाकावर ठेवायच्या. मी चिडलो की म्हणायच्या, तुझा कागद मऊ आहे रे, निदान यांच्या तरी कामाला येतो.

गेल्या उन्हाळ्यात बागेच्या पाहणीला पालिकेचे साहेब येणार होते. मी ठरवलं, त्याच दिवशी खजिन्याचा खेळ लावायचा. बाग पोरांनी भरलेली दिसली पाहिजे. ताईंनी साफ नकार दिला. निम्म्या पेट्यांना दोरे होते.

मी म्हणालो, "ताई, बागच राहिली नाही तर पेट्या कुठे टांगणार? माझ्या डोक्यावर?"

"ते तू बघ. भांडायचं तर पोटभर भांड," त्या म्हणाल्या. "पण बाळंतिणीच्या खोलीत मोर्चा न्यायचा नाही."

साहेब आले. बागेत फक्त ताई बाकावर बसलेल्या. साहेबांनी विचारलं, ही जागा वापरतं कोण? ताईंनी दोरे दाखवले. साहेब हसले आणि कागदावर लिहून गेले की जागा वापरात नाही, दिवाळीत पुन्हा पाहू. मी कित्येक दिवस ताईंशी बोललो नाही. अजूनही मला वाटतं, खेळ लावायला हवा होता. आणि अजूनही मला वाटतं, त्यांनी तो लावू दिला नाही हेच बरोबर. दोन्ही वाटतं, काय करू?

पावसाळ्याच्या शेवटी एका पेटीत उशिराची चिमणी बसली. तिला दोरा बांधला, आणि तो सोडायच्या आत ताई गेल्या.

दिवाळीत खेळ मी लावला. पोरं आली, साहेबही आले, घड्याळ बघत उभे राहिले. बाकीच्या पेट्या झाडून झाल्या आणि पोरं त्या दोऱ्यापाशी अडली. मी म्हटलं, आत काही नाही, चिमण्या कधीच उडाल्या, उघडा. तर एक मुलगी शांतपणे म्हणाली, "ऐकल्याशिवाय नाही सोडायचा."

वहिनींकडून नरसाळं आणलं. स्टुलावर चढून ते पेटीला टेकवलं आणि कान लावला. खाली सगळे गप्प झाले, साहेबसुद्धा. नरसाळ्यात काहीच नव्हतं. काही नाही हे लगेच कळलं, तरी मी लावूनच राहिलो... मग दोरा सोडला. घरट्यात काड्या, पिसं आणि माझ्या पत्रकाच्या पट्ट्या. एकीवर 'आमची आहे' एवढंच शिल्लक होतं. मी ते घरटं साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. पोरांनी डबा उकरला, साहेबांनाही चिवडा दिला, त्यांनी खाल्ला. निकाल अजून आलेला नाही.

नरसाळं परत करायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच. उन्हाळ्यात लागेल." उन्हाळ्यात बाग असेल की नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरी येऊन ते पत्रकांच्या गठ्ठ्यावरच्या खिळ्याला अडकवलं. लाल दोरा त्यालाच गुंडाळून ठेवला आहे.