एका डब्यात दोन रिळं

माझे भावोजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि उरलेल्या वेळात मुके सिनेमे गोळा करायचे. घरच्या भिंतीवर दाखवता यावेत म्हणून एकेकाळी सिनेमांच्या छोट्या प्रती विकत मिळत. नखाएवढी रुंद फिल्म, तळहाताएवढं रीळ. अशी दोनशेच्या वर रिळं त्यांच्या लोखंडी कपाटात होती. कपाट खरं तर ताईचं, लग्नात मिळालेलं. तिचे कपडे खुंटीवर. मी भावोजींना रीळमास्तर म्हणायचो, तेही तोंडावर.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईला एक विनोदी सिनेमा दाखवला. चारमजली केक हातात घेतलेला वेटर होडीत चढतो, दोर सुटतो, होडी धबधब्याकडे निघते, आणि रीळ संपतं. दुसरं रीळ त्यांच्याकडे नव्हतं. सासरी आल्यापासून ताई धड हसली नव्हती. त्या दिवशी हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुढे काय होतं हो?" तिने विचारलं.

"आणतो," भावोजी म्हणाले.

आणायला त्यांना सव्वीस वर्षं लागली. मूलबाळ झालं नाही. घरात तिसरं कोणी असेल तर तो होडीतला वेटर. भाजी चिरता चिरता ताई मध्येच म्हणायची, "बुडाला असेल का?" भावोजी म्हणायचे, "तो बुडाला असेल, केक वाचला असेल." मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. त्यांचं बोलणं ऐकून मी हेवाही करायचो, हे आता कबूल करतो.

शेवटी एका वारलेल्या संग्राहकाच्या मुलीने ते रीळ पोस्टाने पाठवलं. झाकण उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला. या वासावर भावोजींनी मला दहा वेळा तरी व्याख्यान दिलं होतं. फिल्म सडायला लागली की असा वास येतो आणि ती सड शेजारच्या रिळालाही लागते. असलं रीळ वेगळं ठेवायचं, झाकण सैल ठेवायचं.

"भावोजी, वास येतोय."

"डब्याचा असेल," ते म्हणाले. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याची बिनपाण्याने केली असती.

त्याच दुपारी त्यांनी दोन्ही रिळं एकमेकांना जोडून एका मोठ्या चकतीवर गुंडाळली. मध्ये खंड नको, ताईने सगळं सलग बघायला हवं. मग प्रोजेक्टर सुरू केला आणि बल्ब उडाला. तसला बल्ब आता कोणी बनवत नव्हतं. घरात रंगकाम चालू होतं. धूळ जायला नको म्हणून त्यांनी चकती डब्यात घालून त्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि तो पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवून दिला. बल्ब मिळायला चौदा महिने लागले. मध्ये अख्खा उन्हाळा गेला.

बल्ब आला त्या दिवशी ताईने ठेवणीतले कपडे घातले. मलाही बोलावलं होतं. भावोजींनी पट्टी सोलली आणि खोलीत उभं राहवेना. फिल्म आखडून वेडीवाकडी झाली होती. टोक ओढलं तर तुटून हातात आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तुटलं. पहिलं रीळ सव्वीस वर्षं धडधाकट होतं, तेही गेलं. वेगळं ठेवलं असतं तर निदान अर्धा सिनेमा हाती राहिला असता.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. त्या वेळी ते बोललो, याची मला अजून लाज वाटते. भावोजींनी नुसती मान डोलावली. इतका हरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

ताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "जाऊ द्या. नाही दिसलं तर नाही दिसलं. तुम्ही तोंडी सांगा. रीळ आल्यावर उजेडात धरून बघितलंच असेल ना तुम्ही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"तुझ्याबरोबरच बघायचं होतं."

ताईला चिडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "बघायचं होतंत!" ती ओरडली. "एकट्याने बघायचं होतंत हो! मला सांगता तरी आलं असतं!"

भावोजी तुकडे गोळा करत राहिले.