बाहेरचं कुलूप

ज्ञानेश्वरीच्या खोलीला बाहेरून कुलूप दिसलं.

रविवारची सकाळ होती. तिचा फोन बंद. पंधराव्या वर्षी लग्न लावून द्यायला निघालेल्या चुलत्याच्या, हनुमंतच्या, तावडीतून ही पोरगी कर्जतहून एसटीनं नगरला पळून आली. तीन वर्षं आमच्या निवारागृहात राहिली, शिवण शिकली. अठरा पूर्ण झाल्यावर मीच तिला केडगावात ही खोली बघून दिली. "तिला एकटीला जमेल," असं संस्थेत छातीठोकपणे सांगणारीही मीच. चुलत्यानंच नेलं तिला, दुसरं काय!

तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली.

मी दारावर थापा मारल्या. "ज्ञानू, मी पुष्पाताई!" बऱ्याच वेळानं खिडकीच्या फटीतून कुजबुज आली, "ताई, किल्ली भागिरथी मावशींकडं हाय. त्या बाजारला गेल्यात."

आत गॅस पेटलेला आणि किल्ली बाजारात! घरमालकीण येईपर्यंत मी पायरीवर जीव मुठीत धरून बसले.

दार उघडल्यावर तिला आधी पोटाशी धरलं, मग झापलं. "अगं, आग लागली असती तर?"

"काल चुलता माळीवाडा स्टँडवर दिसला, ताई. बाहेर कुलूप बघून माघारी जाईल, म्हनून मावशींना लावाया सांगितलं."

काय हे डोकं! गॅस लावायला, बँकेत जायला मी कितीतरी पोरींना शिकवलं. आतून कडी लावून निर्धास्त बसायला कसं शिकवतात, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? तिला आतून कडी लावून घ्यायला आणि कुणी दार बडवलं की ओरडायला सांगितलं, आणि मग मीच हनुमंत झाले. बाहेर जाऊन दार बडवलं, घोगरा आवाज काढला, "ज्ञाने, उघड!" आत चिडीचूप. पुन्हा बडवलं. आत हुंदका. मलाच माझ्या आवाजाची भीती वाटायला लागली, तरी थांबले नाही. अखेर किंकाळी आली, "कोन हाय? मी न्हाई येनार! मावशी, धावा!" भागिरथीबाई खरोखरच लाटणं घेऊन धावत आल्या. निघताना ते कुलूप मी पर्समध्ये टाकलं.

पुढच्या रविवारी गेले, तर दार आतून बंद. "कोन हाय?" असा खणखणीत आवाज आला. नाव सांगितल्यावर कडी निघाली. चहा टाकता टाकता ती म्हणाली, "परवा आल्ता चुलता."

मी उठून दाराची कडी पुन्हा लावली. "मग?"

"तुमी बडवलं तसंच बडवलं. मी वरडले. मावशी आल्या, शेजारचे टेम्पोवाले आले. शिव्या देत गेला. पोलिसांना पन सांगितलंय." सांगताना तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पुन्हा आला म्हणजे? ज्ञानू, थोडे दिवस बाहेरून कुलूप लावू या का?" मी बोलून गेले.

तिनं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. "ताई, कुलूप तर तुमीच नेलं की."