धुतलेल्या बाटल्या

नरहर बर्व्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. लखनौच्या एका वनस्पती-प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षं साहाय्यकाची नोकरी केली ती अशीच, डोळ्यांत तेल घालून. तिथली मदतनीस पद्मा बाटल्या लख्ख धुवायची, तरी तिची पाठ वळली की हे त्या पुन्हा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवत आणि एकदा विसळून पालथ्या घालत.

१९९६च्या जूनमध्ये जांभळाच्या सालीचं काम आलं. कापलेलं सफरचंद काळं पडतं, ते पडू न देणारी ताकद सालीच्या अर्कात किती, हे मोजायचं होतं. संध्याकाळी ताजा अर्क झकास निकाल देई. तोच बाटलीत ठेवला, की सकाळी अर्क निकामी, वर लालचा निळसर झालेला. कोणीतरी कालवाकालव करतंय, हे नरहररावांनी ताडलं. कोणीतरी म्हणजे चंद्रहास. छावणीतल्या सुभेदाराचा हा मुलगा हंगामी नोकरीवर होता. त्याला मराठी समजे, पण उत्तर तो हिंदीत देई. नरहररावांना तेवढंच पुरे होतं.

त्यांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली आणि सोडा दुप्पट केला. निकाल आणखीच बिघडले. शनिवारी त्यांनी विभागप्रमुख कौमुदीबाईंच्या हाती लेखी तक्रार दिली. सोमवारी चंद्रहासला काढायचं ठरलं.

रविवारी आलमबागच्या घरी विजयाबाईंनी त्यांना कोकम सरबत दिलं. बायकोच्या धुण्यावरही भरवसा नसल्यामुळे पिऊन झाल्यावर पेला त्यांनी स्वतःच सोड्याच्या पाण्यात बुडवला. तळाशी राहिलेला लाल घोट बघता बघता काळानिळा झाला. आंबटात टिकणारा रंग सोड्यात मरतो, त्याच्याबरोबर ताकदही मरते. आणि एकदाच विसळून बाटल्यांत सोडा कोणी ठेवला होता?

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी कौमुदीबाईंपुढे उभे राहिले.

"मॅडम, अर्क मीच मारत होतो. तक्रारीत त्याचं नाव आहे, तिथं माझं लिहा."

बाईंनी कागद फाडला. चंद्रहासची नोकरी वाचली. नरहररावांनी माफी मागितली, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "कोई बात नहीं, काका."

पण त्या दिवसापासून त्यांनी हातात दिलेली बाटली तो त्यांच्यासमोरच शुद्ध पाण्याने तीनदा विसळायचा, मगच वापरायचा. नरहररावांना ते फार लागे.