प्रॉम्प्टरचा इंग्रजी क्लास

आमच्या नाटक मंडळीत श्रीपाद बावीस वर्षं प्रॉम्प्टर होता. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा. याचा शब्द आधी तिसऱ्या रांगेला ऐकू जायचा आणि मग मला. मी संवादात जरा थांबले की याला वाटे, बाई विसरली. अहो, मी रडण्याआधीचा श्वास घेत असे! माझ्या कितीतरी टाळ्या त्या माणसाने गिळल्या आहेत. तरी खरं सांगते, तो विंगेत दिसल्याशिवाय मी रंगमंचावर पाऊल टाकत नसे.

घरीही तेच. त्याच्या लग्नात नवरी सुमतीने उखाण्यात नावाआधी लाजून जरा थांबावं, तर यानेच शेजारून "श्रीपादरावांचं!" असं पुरवलं. सुमती अजून म्हणते, "माझं लाजायचं राहूनच गेलं."

प्रॉम्प्टर लागेनासे झाले तेव्हा त्याने खोपटला, एसटी डेपोच्या मागे, इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास काढला. तिथे इंग्रजी बोलत ते फक्त सर. विद्यार्थ्याने तोंड उघडलं की वाक्य सर पुरं करत आणि विद्यार्थी ते परत म्हणे. एकट्या 'गिव्ह अप'ला त्याने आठ दिवस दिले. सिगारेट सोडली, गिव्ह अप. बसमध्ये म्हातारीला जागा दिली, गिव्ह अप. चोर पोलिसांच्या स्वाधीन झाला, कोडं सुटेना म्हणून हात टेकले, सगळं गिव्ह अप.

"मंजुळाताई, केवढी श्रीमंत भाषा!" तो मला म्हणाला.

"श्रीमंत कसली रे? आपली मंडळी एकाच नटाला राजा, हवालदार आणि भटजी करायची, ती काय श्रीमंतीमुळे?"

क्लासमध्ये दक्षता होती, चेंदणीच्या कोळीवाड्यातली. तिची आई मनुबाई मासळी विकायची, पण गुडघे पार गेलेले. तिची टोपली उतरवायची तर दक्षताला घोडबंदर रोडवरच्या कंपनीतली नोकरी मिळायलाच हवी होती. मुलाखत व्हिडिओवर होती आणि घरी आवाज फार, म्हणून ती क्लासमध्येच द्यायची ठरली. श्रीपाद म्हणाला, "मी कपाटामागे असेन. गप्प." मी त्याच्यावर नजर ठेवायला बसले.

सुरुवात बरी झाली. मग पडद्यावरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही कधी एखादी गोष्ट गिव्ह अप केली आहे का?

श्रीपादचा चेहरा उजळला. दक्षता विचार करायला थांबली. झालं!

"आय गेव्ह अप स्मोकिंग!" कपाटामागून आलं.

आठ दिवसांची सवय. पोरगी छाती काढून म्हणाली, "आय गेव्ह अप स्मोकिंग."

"ओ! कधी?"

"लास्ट दिवाळी!" कपाट म्हणालं.

दक्षताचे डोळे विस्फारले. "नो मॅडम, सॉरी. मी कधी ओढलीच नाही. हे माझे सर आहेत, त्यांना सवय आहे. वन मिनिट." मग मागे वळून, आवाज न चढवता, "सर, तुम्ही बाहेर थांबा ना. मावशी, यांना घेऊन जा प्लीज."

स्वतःच्या क्लासमधून हाकललेला श्रीपाद जिन्यात उभा राहिला. आतून दक्षताचं इंग्रजी अडखळत येत होतं. आई आजारी पडली म्हणून कॉलेज सोडलं, मग बाहेरून परीक्षा दिली. एकदा ती इतकी थांबली, की श्रीपादच्या ओठांवर शब्द आलाच. मी पदराचा बोळा त्याच्या तोंडावर दाबला. "थांब मेल्या! तिला श्वास घेऊ दे."

ती पुढचं वाक्य बोलली. तिचं स्वतःचं, मोडकं. श्रीपाद खाली पायरीवर बसला.

तीन दिवसांनी दक्षता मनुबाईने दिलेला कोळंबीचा डबा घेऊन आली. "मिळाली, सर! मॅडम बोलल्या, आमच्याकडे दिवसभर चिडलेले लोक फोन करतात. तू तुझ्या सरांना न भांडता बाहेर काढलंस ना, तेच आम्हाला पायजे."

श्रीपाद कानापर्यंत लाल झाला. दक्षता त्याच्या पाया पडली, उठली, काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मी श्रीपादकडे डोळे वटारले. त्याने दोन्ही ओठ दातांत धरले. एक, दोन, तीन... बावीस वर्षांत या माणसाने कुणाला एवढा वेळ दिला नव्हता.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "थँक्यू."

"व्हेरी मच!" श्रीपाद म्हणाला.